लोकशाहीचं अनुदान : कैरो, झरी आणि आपण

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने ‘यूएसएड’ या आपल्या परदेशी मदत संस्थेचा कारभार गुंडाळला. त्याआधी फेब्रुवारीत आपल्याकडच्या वाहिन्यांवर काही दिवस एकच गोंधळ चालला होता. भारतात मतदानाचा टक्का वाढवण्यासाठी ठेवलेले २ कोटी १० लाख डॉलर आम्ही रद्द केले, अशी घोषणा अमेरिकेतून झाली आणि इकडे सत्ताधारी-विरोधक एकमेकांना परकीय हस्तक म्हणू लागले. पुढे वृत्तपत्रांनी कागद तपासले, तेव्हा तो निधी बांगलादेशासाठी होता असं समोर आलं. धुरळा बसला, वाहिन्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या. पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. लोकशाही बाहेरून पैसे देऊन रुजवता येते का? आणि जो पैसे देतो, त्याला समोरच्याच्या घरात लोकशाही खरंच हवी असते का?

या प्रश्नांसाठी आम्ही दोन ठिकाणं समोर ठेवणार आहोत. एक अरब जग, जिथे हा प्रयोग सर्वांत गाजावाजा करून झाला. दुसरं आपल्या पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके. जोडी विचित्र वाटेल. पण मित्रांनो, सत्ता सगळीकडे साधारण एकाच पद्धतीने बोलते, आणि माणूस जागा होण्याची रीतही फार वेगळी नसते.

आधी अरब जग. १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडचा करार आणि १९७९ मध्ये इजिप्त-इस्रायल शांतता करार झाला. तेव्हापासून इजिप्त हा अमेरिकेच्या मदतीचा मोठा हक्कदार झाला. नुसती लष्करी मदत वर्षाला १३० कोटी डॉलर, आणि त्यातून घ्यायची शस्त्रं अमेरिकी कंपन्यांचीच. म्हणजे एका खिशातून काढायचं आणि दुसऱ्या खिशात घालायचं. १९८१ पासून होस्नी मुबारक यांनी त्या देशावर आणीबाणीचा कायदा लावून राज्य केलं. सभा घेतली की अटक, पत्रक वाटलं की अटक. त्या काळात अमेरिकेला इजिप्तमधल्या लोकशाहीची फारशी चिंता पडली नाही.

चिंता पडली ती २००१ च्या हल्ल्यानंतर. २००२ च्या डिसेंबरमध्ये ‘मिडल ईस्ट पार्टनरशिप इनिशिएटिव्ह’ नावाची योजना जाहीर झाली. निवडणुकांचं प्रशिक्षण, महिला सक्षमीकरण, नागरी समाज, पत्रकारांची शिबिरं वगैरे. सुरुवातीचा निधी २ कोटी ९० लाख डॉलर. लष्कराला वर्षाला १३० कोटी आणि अख्ख्या अरब जगाच्या लोकशाहीला २ कोटी ९० लाख! हिशेब मांडला की हेतू आपोआप दिसतो. २००५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी कैरोत जाहीर कबुलीच दिली की साठ वर्षं आम्ही या भागात लोकशाहीचा बळी देऊन स्थैर्य शोधलं आणि दोन्हीही मिळालं नाही. भाषण चांगलं होतं. परीक्षा सहा-सात महिन्यांतच आली.

जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टाइनच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी ती नीट पार पडल्याचा निर्वाळा दिला. १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या. हमासचं राजकारण आम्हाला मान्य आहे का, हा इथे प्रश्न नाही. धर्माच्या नावाने चालणारं राजकारण आम्हाला कुठेच मान्य नाही. मुद्दा असा की मतदान करा, मतदान करा म्हणून प्रशिक्षण देणाऱ्यांना निकाल आवडला नाही, आणि अमेरिका व युरोपीय संघाने तिथल्या सरकारला जाणारी थेट मदत थांबवली. मत देण्याचा हक्क होता, पण कुणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं होतं.

मग १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियात सिदी बुझिद नावाच्या गावात मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. नगरपालिकेच्या माणसांनी त्याची गाडी आणि वजनकाटा जप्त केला होता. त्या आगीतून जे उठलं त्याने महिनाभरात ट्युनिशियाची आणि ११ फेब्रुवारी २०११ ला इजिप्तची राजवट पाडली. ज्याच्यापासून हे पेटलं, त्याने लोकशाहीच्या कुठल्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेतलेलं नव्हतं. वजनकाटा हातातून हिसकावला जाणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. आपल्यातल्या ज्यांचे आई-वडील पाटी घेऊन बाजारात बसले, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. इजिप्तच्या लष्करी सत्तेने डिसेंबर २०११ मध्ये परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले आणि जून २०१३ मध्ये ४३ कार्यकर्त्यांना शिक्षा झाल्या. त्यातल्या बहुतेकांची निर्दोष सुटका व्हायला २०१८ उजाडलं. २०१३ च्या जुलैमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. अमेरिकेने लष्करी मदतीचा काही भाग काही काळ रोखला, २०१५ मध्ये पुन्हा सुरू केला. म्हणजे लोकशाहीचे पैसे घेणारे तुरुंगात गेले आणि लष्कराचे पैसे घेणारे सिंहासनावर बसले. दोघांचा दाता एकच होता.

आता डहाणू-तलासरीकडे येऊ. इथेही एके काळी ‘या लोकांचं काय करायचं’ यावर बाहेरच्यांनी अहवाल लिहिले होते. डी. सायमिंग्टन या ब्रिटिश आयसीएस अधिकाऱ्याचा मुंबई प्रांतातल्या आदिवासींवरचा अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. वेठ, सावकारी आणि जमीनदारांचे अत्याचार त्यात नोंदवलेले आहेत. म्हणजे सरकारला सगळं ठाऊक होतं. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये घेतले की नवरा-बायको दोघांनी आयुष्यभर त्याच्या वाड्यावर राबायचं, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. स्वतःची शेतं पडून ठेवून आधी मालकाची लावणी करायची, पैसे मागायचे नाहीत, ही वेठ. अहवाल आला, कपाटात गेला. वेठ तशीच राहिली.

ती मोडली कुणी? जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्यांचे काही वारली सोबती गेले आणि आपल्या भागात काय चाललं आहे ते त्यांनी स्वतः सांगितलं. त्यानंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात पाड्यापाड्यांत फिरले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी, जे आज तलासरी तालुक्यात आहे, सुमारे ५,००० वारली जमले. ठरलं ते अगदी साधं होतं. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही, आणि वेठ बंद. पुढच्या काही महिन्यांत लग्नगडी सुटले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. तरी गवत कापणीचा संप सुरूच राहिला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती.

आम्हाला कम्युनिस्टांशी जुना हिशेब आहे आणि तो आम्ही इथे बासनात बांधून ठेवत नाही. जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात आपोआप सुटेल, असं दशकानुदशकं सांगणाऱ्यांनी आमच्या बापजाद्यांना काय ऐकवलं ते आम्ही विसरलेलो नाही. गोदावरीबाई पुण्याच्या ब्राह्मण घरातल्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, सर्वार्थाने बाहेरच्या. पण इतिहास लिहिताना प्रामाणिकपणे लिहावा लागतो. त्यांनी झरीत काही वाटलं नाही. धान्य नाही, औषधं नाही, प्रमाणपत्रं नाहीत. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, आणि वाचताना एवढंच बघावं की निर्णय कोण घेतंय. बाहेरचा माणूस येणं हा प्रश्न नाही. बाहेरचा माणूस आल्यावर सभेत कोण बोलतं, हा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट सांगणं आमचं कर्तव्य आहे, कारण आमचे विरोधक ती आम्हाला खिजवण्यासाठी सांगतात आणि आमच्यातले काही जण ती लपवतात. झरीच्या सभेच्या बरोबर १७ दिवस आधी, ६ मे १९४५ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात जातीय पेचावरचं आपलं प्रसिद्ध भाषण केलं. त्यात त्यांनी असं मत मांडलं की आदिवासी जमातींमध्ये अजून राजकीय जाणीव पुरेशी विकसित झालेली नाही, त्यांना मिळालेली राजकीय सत्ता बहुसंख्याक किंवा अल्पसंख्याक यांच्यापैकी कुणाच्याही हातचं हत्यार बनू शकते, म्हणून त्यांच्या प्रदेशासाठी वेगळा वैधानिक आयोग नेमावा. म्हणजे त्या घडीला त्यांना मताधिकारापेक्षा संरक्षण महत्त्वाचं वाटत होतं.

झरीच्या ५,००० माणसांनी या मताला न भांडता उत्तर दिलं, असं आम्हाला वाटतं. आणि पुढे घटनेतही चित्र बदललं. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि त्यांनी ठणकावून सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला येऊ नका, ती आमच्याकडून शिका. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या घटनेत आदिवासी हा नुसता संरक्षित प्राणी राहिला नाही. तो प्रौढ मताधिकार असलेला मतदार झाला, त्याला लोकसभेत आणि विधानसभेत राखीव जागा मिळाल्या, आणि त्याच्या प्रदेशासाठी पाचवी अनुसूची आली. १९४५ चे बाबासाहेब आणि १९५० ची घटना यांच्यातलं हे अंतर झाकायचं कशाला? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता. आमच्या काही तरुण मित्रांच्या तोंडून आजही ‘आदिवासींना अजून जाणीव नाही, त्यांचं प्रबोधन करायला पाहिजे’ असं वाक्य ऐकू येतं. तेव्हा आम्ही त्यांना तारीख विचारतो. २३ मे १९४५ माहीत आहे का?

याच पट्ट्यात आणखी एक गंमत घडली. पालघर तालुक्यात १९७० च्या भूमुक्ती आंदोलनानंतर काळूराम धोदडे आणि त्यांच्या आदिवासी साथींनी भूमी सेना उभी केली. बाहेरच्या पक्षांच्या नेतृत्वाला कंटाळून, स्वतःचं डोकं आणि स्वतःची गावं यांच्या बळावर. गहाण गेलेल्या जमिनी सोडवणं, वेठबिगारांची मुक्तता, गावोगाव तरुणांची मंडळं असं ते काम होतं. १९७९ मध्ये स्वीडनच्या डाग हॅमरशोल्ड फाउंडेशनच्या ‘डेव्हलपमेंट डायलॉग’ या नियतकालिकात या भूमी सेनेवर दीर्घ अभ्यास छापून आला. अभ्यासकांमध्ये बांगलादेशचे अर्थतज्ज्ञ अनिसुर रहमान होते, जे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत ग्रामीण गरिबांच्या सहभागाचं काम बघत. आज जगभरच्या कुठल्याही देणगीदार संस्थेचा अर्ज उघडा, त्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द पहिल्या पानावर दिसतो. तो शब्द ज्या अनुभवांतून घडत गेला, त्यातला एक अनुभव पालघरच्या आदिवासींचा आहे. शब्द इथून गेला, परदेशात धुऊन-इस्त्री होऊन परत आला, आणि आता आम्हालाच त्याचं प्रशिक्षण दिलं जातं!

आम्ही सामाजिक कामात आहोत, त्यामुळे हा परत आलेला शब्द आम्ही रोज हाताळतो. अहवालाच्या नमुन्यात ‘लाभार्थी’ असा रकाना असतो. ‘सभासद’ असा रकाना नसतो. समाजशास्त्राच्या पुस्तकात या फरकाला पुष्कळ जड शब्द आहेत, पण पाड्यावर तो सरळ कळतो. सभासद हिशेब विचारतो. लाभार्थी सही करतो. झरीला आलेल्यांची गणना लाभार्थी म्हणून केली असती तर आकडा फार छान दिसला असता, आणि वेठ मात्र चालूच राहिली असती.

आता वर्तमान. डहाणू-तलासरीत आज परकीय मदत शिबिराच्या रूपात कमी आणि रुळाच्या रूपात जास्त दिसते. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून होतो आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं तेच. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांनी तिचं भूमिपूजन केलं. तेव्हाचा अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये, त्यातले सुमारे ८८ हजार कोटी जपानी कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. जवळपास फुकटच, असं तेव्हा सांगितलं गेलं. तंत्रज्ञान अर्थातच जपानी शिंकान्सेनचं. इजिप्तच्या मदतीतली शस्त्रं अमेरिकी, इथल्या कर्जातलं तंत्रज्ञान जपानी. लष्करी मदत आणि रेल्वे यांत फरक नक्कीच आहे, रेल्वे माणसं मारत नाही. पण देणाऱ्याच्या खिशाची शिवण सारखी आहे.

एकूण मार्ग ५०८ किलोमीटर, त्यातला सुमारे १५६ महाराष्ट्रात. पालघर जिल्ह्यात ही रेषा वसई, पालघर, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतून जाते. महाराष्ट्रातली स्थानकं चार : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. त्यानंतरचं स्थानक गुजरातमधलं वापी. म्हणजे डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांनी जमीन द्यायची, आणि गाडीने तिथे थांबायचं नाही.

जमीन कशी घेतली गेली हे आपल्यासारख्या घटनावाद्यांनी नीट समजून घ्यायला हवं. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची तरतूद आहे. म्हणजे कागदावर ग्रामसभा ही झरीच्या सभेची वारसदार आहे. पण बुलेट ट्रेनच्या भूमिपूजनाला दोन महिने होत नाहीत तोच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, राज्यपालांची अधिसूचना आली. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, पाण्याच्या नळवाहिन्या अशा ‘महत्त्वाच्या’ सरकारी प्रकल्पांसाठी आदिवासीची जमीन परस्परसंमतीने खरेदी करायची असेल तर ग्रामसभेच्या मान्यतेची गरज नाही, असा तिचा आशय. राज्यपालांना असा बदल करता येतो कशाच्या आधारे? पाचव्या अनुसूचीच्या. आदिवासींच्या रक्षणासाठी घटनेने जो खास अधिकार दिला, त्याच अधिकाराने ग्रामसभेला बाजूला सारलं गेलं. सभेऐवजी एकेकट्या माणसाशी वाटाघाट. एकीकडे सरकारी यंत्रणा, दुसरीकडे एक सातबारा. १९४५ च्या आधी सावकारही वारल्याशी एकेकट्यानेच बोलायचा.

२०१८ मध्ये या पट्ट्यातल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोर्चे निघाले, मोजणी अडवली गेली. गुजरातचे शेतकरी उच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी थेट जायकाकडेही तक्रार केली. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये जायकाचे अधिकारी गुजरातमध्ये शेतकऱ्यांना भेटायला आले. २०१९ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्यांच्या याचिका फेटाळल्या. पालघरमध्ये यथावकाश भरपाईचे दर वाढले, संमतिपत्रं झाली, आज खांब उभे राहताना दिसतात. ज्यांनी पैसे घेतले त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याच्या घरासमोर खांब रोवला जाणारच आहे, त्याने पैसे घेतले म्हणजे संमती दिली असं म्हणणं ही क्रूर थट्टा आहे.

पण या कथेत एक बारीक दार आहे, ते आमच्या कार्यकर्त्यांनी बघावं. जायकाच्या २०१० च्या पर्यावरणीय आणि सामाजिक मार्गदर्शक तत्त्वांत आदिम समूहांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण सल्लामसलतीतून त्यांची संमती मिळवण्याचा प्रयत्न झाला पाहिजे. तत्त्वं पाळली गेली नाहीत तर बाधितांपैकी दोन माणसंसुद्धा एकत्र येऊन आक्षेप दाखल करू शकतात. आमच्या राज्यपालांच्या अधिसूचनेने जे काढून घेतलं, त्याच्या थोडं जवळ जाणारं काहीतरी टोकियोच्या नियमावलीत शिल्लक राहिलं, ही आपल्या लोकशाहीबद्दल लाज वाटावी अशी गोष्ट आहे. ‘परकीय’ म्हणून सगळंच झटकून टाकणाऱ्या राष्ट्रवादी मंडळींनी यावर थोडा विचार करावा.

हे दार उघडता येतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या आदिवासी गावांनी घरं सोडायला नकार दिला, जगभर आवाज उठला, बँकेला स्वतंत्र चौकशी समिती नेमावी लागली. १९९२ मध्ये तिचा अहवाल बँकेच्या विरोधात गेला आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज सोडलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केलं. पण धरण थांबलं का? नाही. आपल्या सरकारने देशी पैशाने ते बांधलं. ज्यांच्याकडे निदान तक्रार करता येत होती ते निघून गेले आणि ज्यांना आपण मतं देतो त्यांनी पाणी चढवलं.

डहाणूत वाढवण बंदराचंही असंच आहे. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. १९९८ मध्ये एका परदेशी कंपनीचा बंदराचा प्रस्ताव त्या प्राधिकरणाने नाकारला. तेच बंदर आता ७६,२२० कोटींचं होऊन परत आलं. भागीदार कोण? ७४ टक्के जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळ. शुद्ध स्वदेशी. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच डहाणू प्राधिकरणाने, धर्माधिकारी हयात नसताना, परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार अजून विचारत आहेत की आमचं काय.

म्हणून पैसा देशी की परदेशी, एवढ्यावर आम्ही निकाल देत नाही. आमची स्वतःची चळवळसुद्धा मदतीवर वाढली आहे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. त्यांनी संपादकाला काय लिहावं हे सांगितलं नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, त्या शिष्यवृत्तीला मात्र बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याची अट होती. अट पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी विश्रांतिगृहातून हाकलून दिलं गेलं. देणाऱ्याने अट घातली होती, पण ती पाळायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर ठेवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. आणि ज्या जपानच्या कर्जावर इथे वाद आहे, त्याच जपानच्या बौद्ध उपासकांच्या दानातून कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९ मध्ये उभं राहिलं, जिथे आपण श्रद्धेने जातो. दान आणि कर्ज यांतला फरक आपल्याला कळतो. दान आणि अनुदान यांतला फरक कळायला थोडं थांबावं लागतं.

रोजगार हमीचंच उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात परदेशातून धान्य आलं, लाल मिलो जोंधळा आला, वाडवडील त्याच्या आठवणी अजून सांगतात. त्याने जीव वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टिकलं ते वि. स. पागे यांच्या कल्पनेतलं रोजगार हमीचं काम. त्याचा कायदा १९७७ चा, आणि खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर लावला. काम मागण्याचा हक्क मिळाला, म्हणून मजूर तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकला. मिलोच्या पोत्यावर मोर्चा नेता येत नव्हता. हे पोतं कुणी पाठवलं आणि ते थांबलं तर जाब कुणाला विचारायचा, हे मजुराला ठाऊकच नव्हतं.

आमच्या वाचकांपैकी बरेच जण पावसाळ्यानंतर या भागात शिबिरं घेऊन येतात. येताना घटनेची उद्देशिका आणतात, ती चांगलीच गोष्ट आहे. पुढच्या वेळी आणखी दोन कामं करावीत, अशी आमची विनंती आहे. २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं आणि मग त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरते. त्यासाठी पाड्यातल्या मतदारांचा ठराव लागतो आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. हे कागद तयार करायला शिकलेल्या मुलांची मदत लागते, भाषण लागत नाही. दुसरं काम, ज्या गावांतून रूळ जातो आहे तिथल्या ग्रामपंचायतीत २०१७ आणि २०१८ च्या ग्रामसभांचं इतिवृत्त मागून त्याच्या नकला काढाव्यात. कोणत्या तारखेला सभा झाली, किती बायका हजर होत्या, ठराव काय झाला, आणि त्यानंतर किती दिवसांनी पहिलं संमतिपत्र झालं. जायकाची मार्गदर्शक तत्त्वं इंग्रजीत आहेत, ती मराठीत आणि वारली बोलीत पाड्यावर वाचून दाखवावी लागतील. सभेत बोलणारे तिथे आहेतच.